टीएसएच जागेवर येत नाही? आधी गोळी कशी घेता ते सांगा

गेल्या अंकात आम्ही थायरॉइडविषयी प्रश्न मागवले होते. कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातल्या तालुक्यांतून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. बहुतेकांनी पत्रात टीएसएचचा (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणाऱ्या हार्मोनचा) आकडा लिहिला आणि त्यावरून ‘काय करू?’ असं विचारलं. गोळी किती वाजता घेता, तिच्या मागेपुढे काय खाता-पिता आणि दुसरी कोणती औषधं चालू आहेत, हे फार थोड्यांनी कळवलं. खरं उत्तर पुष्कळदा तिथेच सापडतं. बहुतेक लॅबमध्ये मोठ्या माणसांसाठी टीएसएच साधारण ०.४ ते ४.५ आणि फ्री टी-फोर (रक्तात मोकळा फिरणारा थायरॉइड हार्मोन) ०.८ ते १.८ हा नेहमीचा पट्टा धरतात. खालचे आकडे त्या मापात वाचावेत.

प्रश्न : वय ४१, वजन ६२ किलो. तीन वर्षं थायरॉइडची गोळी चालू आहे. आधी ५० होती, मग ७५ झाली, आता १००. तरी टीएसएच कधी ३ येतो, कधी ९. मागच्या महिन्यात ११.४ आला. गोळी एक दिवसही चुकवत नाही. उठल्या उठल्या घेते आणि चहा ठेवते. नाश्ता झाला की कॅल्शियम घेते. पित्ताचा त्रास असल्यानं त्याचीही गोळी रोज असते. माझा थायरॉइड आणखी बिघडत चाललाय का?
— एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : ताई, तुमची ग्रंथी पूर्ण बंद पडली आहे असं धरलं, तरी वजनाच्या दर किलोला साधारण १.६ मायक्रोग्रॅम औषध पुरतं. ६२ किलोला हा हिशोब ९९ वर येतो, म्हणजे १०० ची गोळी तुम्हाला पुरायला हवी. ती पुरत नाही याचा अर्थ ती पोटात जाते, पण रक्तात पूर्ण पोचत नाही.

टीएसएच हा थायरॉइड ग्रंथीचा हार्मोन नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. ऊसतोडीच्या फडात काम मंदावलं की मुकादमाचा आवाज चढतो, तसा रक्तातला थायरॉइड हार्मोन कमी पडला की टीएसएच वाढतो. म्हणून तुमचा वर-खाली होणारा आकडा सांगतो की औषध काही आठवडे नीट पोचतंय आणि काही आठवडे नाही.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तुमची थायरॉइडची गोळी, फार नाजूक आहे. रिकाम्या पोटी तिचा ७० ते ८० टक्के भाग शोषला जातो. दुधाचा चहा, दूध, कॉफी, सोयाबीन किंवा चोथ्याचा नाश्ता पाठोपाठ गेला की हा वाटा घटतो. कॅल्शियम आणि लोह तर आतड्यातच तिला धरून ठेवतात आणि शौचावाटे बाहेर काढतात. पित्ताच्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनी जठरातलं आम्ल कमी होतं, आणि ही गोळी विरघळायला ते आम्ल लागतं. तुमच्या दिनक्रमात या तिन्ही अडचणी आहेत.

आता बदल असा करा. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर चहा किमान अर्धा तास, जमलं तर एक तास थांबवा. कॅल्शियम नाश्त्यावरून काढून दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणावर न्या. दोन्हींत किमान चार तास जायला हवेत. लोहाची गोळी, जळजळीवरचं पातळ औषध आणि जठरातल्या व्रणावरचं सुक्राल्फेट यांनाही हाच नियम. पित्ताची गोळी खरंच रोज लागते का, हे डॉक्टरांना विचारा. लागत असेल तर घ्या, फक्त मध्येच बंद-चालू करू नका, नाहीतर थायरॉइडचा आकडाही तिच्यामागे हलत राहील. गंगावेशीच्या कट्ट्यावर सकाळी धारोष्ण दूध पिण्याची सवय असलेल्यांनीही हे वाचावं: दुधातही कॅल्शियम आहे, गोळी घेऊन थेट कट्ट्यावर जाऊ नये.

सकाळी घरात डबे, शाळा, पाणी भरणं अशी धांदल असेल तर गोळी रात्री झोपताना घेतली तरी चालते. मात्र शेवटच्या घासानंतर तीन तास गेलेले हवेत, रात्री दूध पिणं बंद हवं आणि कॅल्शियम दुपारच्याच जेवणावर हवं. आमच्या मते ज्या घरात चहा थांबत नाही, तिथे रात्रीची वेळ जास्त भरवशाची.

कंपनी शक्यतो एकच ठेवा. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर ती तारीख लिहून ठेवा आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा. बाटलीतल्या गोळ्या बाटलीतच राहू द्या. गॅसजवळच्या फळीवर किंवा बाथरूमच्या कपाटात उष्णता आणि ओल लागून औषधाचा जोर कमी होतो.

हे सगळं आजपासून बदला, पण १०० ची १२५ करू नका. औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे कोणत्याही बदलाचं खरं चित्र सहा ते आठ आठवड्यांनीच दिसतं. पंधरा दिवसांनी तपासणी केली तर अर्धवट आकडा हातात येईल आणि त्यावरून उगाच डोस बदलला जाईल. तपासणीला दर वेळी साधारण त्याच वेळी जा, कारण टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. एवढं पाळूनही आकडा खाली आला नाही तर रक्तक्षय, गव्हाच्या ग्लुटेनचा त्रास आणि जठराच्या अस्तराचे आजार तपासून घ्यावे लागतात.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. शेतावर रोज चालत जातात. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. शिबिरात टीएसएच ६.८ आला, फ्री टी-फोर १.१. शिबिरातल्यांनी ५० ची गोळी चालू करा म्हटलं. करू का?
— कागल

उत्तर : घाई करू नका. वय वाढतं तसा टीएसएच थोडा वर सरकतो. सत्तरीनंतर ६-७ पर्यंतचा आकडा, फ्री टी-फोर नेहमीच्या पट्ट्यात असेल तर, बहुतेक वेळा वयाचाच भाग असतो. युरोपात ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा सौम्य वाढीसाठी गोळी दिलेल्यांना आणि नुसती दिसायला सारखी गोळी दिलेल्यांना थकव्यात किंवा इतर त्रासात काही फरक जाणवला नाही.

दोन-तीन महिन्यांनी टीएसएच, फ्री टी-फोर आणि एकदाच अँटी-टीपीओ (थायरॉइड ग्रंथीवर उलटलेल्या अँटिबॉडीची तपासणी) करून घ्या. ताप, न्यूमोनिया किंवा ऑपरेशन यांतून उठल्यावरही टीएसएच काही आठवडे वाढलेला राहतो. दुसऱ्यांदा १० च्या वर गेला किंवा फ्री टी-फोर घटला, तर मात्र औषध लागेल. तेव्हाही हृदयविकार असलेल्या माणसाला सुरुवात ५० नं करत नाहीत, १२.५ किंवा २५ नं करून दर सहा-आठ आठवड्यांनी थोडं थोडं वाढवतात. अचानक पूर्ण डोस दिला तर हृदयाची प्राणवायूची गरज वाढते आणि छातीत दुखू लागतं. उतारवयात टीएसएच ०.१ च्या खाली राहील इतका डोस वर्षानुवर्षं दिला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो.

प्रश्न : वय ४६, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. वर्षभर अंग जड, आवाज घोगरा, बद्धकोष्ठता, हाताला मुंग्या. कोलेस्टेरॉल २९० निघालं म्हणून गोळी चालू केली, तर मांड्या इतक्या दुखायला लागल्या की जिना चढवेना. आता टीएसएच ४८ आणि फ्री टी-फोर ०.४. हे सगळं एकाच कारणानं होतंय का?

उत्तर : बहुतेक सगळं त्याच एका कारणानं. थायरॉइड हार्मोन शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर काम करतो, म्हणून तो इतका घटला की एकही अवयव सुटत नाही.

रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलून घेणारे यकृतावरचे थांबे या हार्मोनच्या हुकमावर तयार होतात. हार्मोन नाही तर थांबे कमी आणि कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहतं. स्नायूंची झीज भरून येण्याचा वेग मंदावतो. त्यातच स्टॅटिन गटातली कोलेस्टेरॉलची गोळी दिली की स्नायू दुखावण्याचा धोका आणखी वाढतो. तुमच्या मांड्यांना हेच झालेलं दिसतं. स्नायूंना किती इजा झाली ते दाखवणारी सीपीके नावाची तपासणी करून घ्या. लघवी चहासारखी लाल-काळी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण स्नायूंचा चुरा मूत्रपिंडात अडकू शकतो. स्टॅटिन सध्या थांबवायचं का, हा निर्णय डॉक्टरांना या दोन आकड्यांसह विचारून घ्या. आम्ही तरी आधी थायरॉइड जागेवर आणून, मग दोन-तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल पुन्हा मोजून ठरवू. कित्येकांना त्यानंतर स्टॅटिनची गरजच उरत नाही.

हाताच्या मुंग्या मनगटातल्या सुजेनं दबलेल्या नसेच्या. नाडी मंदावते, खालचा रक्तदाब वाढतो, रात्री घोरणं आणि श्वास अडकणं सुरू होतं, रक्तातलं सोडियम घटतं, हिमोग्लोबिन उतरतं. बायकांमध्ये पाळीचा रक्तस्राव वाढतो आणि दिवस राहायला वेळ लागतो. उदास वाटणं, विसरणं, ऐकू कमी येणं हेही याच यादीतलं. भट्टीजवळ काम करूनही थंडी वाजत असेल तर तीही यामुळेच.

औषध सुरू करण्यापूर्वी एक ईसीजी काढा. चालताना छातीत दुखत असेल तर तसं स्पष्ट सांगा. नसेल तर तुमच्या वयाला वजनाच्या हिशोबानं पूर्ण डोस थेट सुरू करता येतो. दोन-तीन आठवड्यांत तोंडावरची सूज आणि सुस्ती उतरू लागेल. मांड्यांना काही आठवडे ते महिने लागतील, त्वचा आणि केसांना तीन ते सहा महिने. महिन्याभरात गुण नाही म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : वय २४. केस फार गळतात म्हणून मैत्रिणीनं सांगितलेल्या केसांच्या गोळ्या दोन महिने घेतेय, त्यात बायोटिन १० मिलिग्रॅम आहे. टीएसएच ०.०५ आला आणि फ्री टी-फोर वाढलेला. धडधड नाही, वजन कमी झालेलं नाही, हात थरथरत नाहीत. तरी थायरॉइड वाढलाय म्हणून औषध लिहून दिलंय.
— इचलकरंजी

उत्तर : औषध सुरू करण्याआधी बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) बंद करा आणि आठवड्यानं तीच तपासणी पुन्हा करा. अनेक लॅबच्या यंत्रांत मोजणीसाठी बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते बाहेरून भरपूर आलं की यंत्र फसतं: टीएसएच खोटा कमी दाखवतं आणि फ्री टी-फोर खोटा जास्त. कागदावर थायरॉइड वाढल्याचं हुबेहूब चित्र उमटतं, शरीरात मात्र काहीच नसतं. दोन-तीन दिवस बंद ठेवलं तरी बहुधा पुरतं. एवढ्या मोठ्या डोसला आठवडा सोडलेला बरा. रक्त देताना लॅबमध्ये केसांच्या गोळ्यांचं नाव जरूर सांगा. केस गळण्यासाठी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि हिमोग्लोबिन तपासा. तुमच्या वयात लोहाची कमतरता हे जास्त नेहमीचं कारण.

दुसऱ्या तपासणीतही टीएसएच दबलेलाच राहिला तर मात्र कारण शोधायला हवं. ग्रंथी स्वतःहून जास्त हार्मोन बनवतेय, की तिला सूज येऊन साठलेला हार्मोन गळतोय, हे स्कॅननं किंवा अँटिबॉडीच्या तपासणीनं कळतं. दुसऱ्या प्रकारात कार्बिमॅझोलचा, म्हणजे ग्रंथीला हार्मोन बनवू न देणाऱ्या गोळीचा, काही उपयोग नसतो.

प्रश्न : बायकोला कार्बिमॅझोल चालू केलंय. ‘ताप आणि घसा दुखला तर गोळी लगेच थांबवा’ असं बजावून सांगितलं. एवढं काय असतं त्यात?
— पन्हाळा

उत्तर : हजारात दोन ते पाच जणांत या औषधानं जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपतात. हे बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत होतं आणि सुरुवात साध्या तापानं, घसादुखीनं किंवा तोंडातल्या फोडांनी होते. घरातली तापाची गोळी देऊन वाट पाहिली तर दिवस हातचे जातात. म्हणून ताप आला की कार्बिमॅझोल थांबवा, त्याच दिवशी रक्तातल्या पेशींची तपासणी करा, आणि पेशी ठीक निघाल्या तरच डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. पन्हाळ्याहून रात्री खाली उतरावं लागलं तरी उतरा; तपासणी सीपीआर रुग्णालयात होते. डोळे पिवळे झाले तरी हाच नियम. या औषधावर असताना दिवस राहू देऊ नयेत, आणि मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यावं. आणखी एक: या उपचारात टीएसएच कित्येक महिने दबलेलाच राहतो, त्यामुळे सुरुवातीला डोस फ्री टी-फोर आणि टी-थ्री (दुसरा थायरॉइड हार्मोन) बघून ठरतो.

प्रश्न : लेकीला सात आठवडे झालेत. लग्नाआधीपासून ५० ची थायरॉइडची गोळी चालू आहे. सासरी म्हणतात, गरोदरपणात औषध नको, बाळाला बाधेल. आशाताईंनी लाल गोळ्या आणि पुढे कॅल्शियमही सांगितलंय. कसं करावं?
— गडहिंग्लज

उत्तर : गोळी थांबवणं हाच बाळाला धोका आहे. पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमाराला कामाला लागते आणि गरोदरपणाच्या मध्यापर्यंत पुरेसा हार्मोन बनवू शकत नाही. तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर चालते. ही गोळी तोच हार्मोन आहे. सासरच्या मंडळींना हे उत्तर वाचून दाखवा.

गरोदरपणात गरज २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, तीही पहिल्या काही आठवड्यांतच. म्हणून पाळी चुकून तपासणीत दिवस गेल्याचं कळलं की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन ठरावीक वारी दोन-दोन, हा जगभर रूढ असलेला मार्ग आहे. लेकीचे सात आठवडे झालेच आहेत, तेव्हा उद्याच टीएसएच करा आणि आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा. तो २.५ च्या खाली ठेवायचा असतो. पुढे गरोदरपणाचा मध्य येईपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी, आणि नंतर तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा.

लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि चौथ्या महिन्यापासून कॅल्शियम दिवसातून दोनदा येतं. दोन्ही घ्यायचीच, पण वेळा वेगळ्या: सकाळी ६ ला थायरॉइडची, ७ ला चहा-नाश्ता, दुपारच्या आणि रात्री ८ च्या जेवणाबरोबर एकेक कॅल्शियम, आणि रात्री १० ला लाल गोळी. हा कागद भिंतीवर चिकटवून ठेवा. मळमळीचे दिवस असतील आणि सकाळची गोळी उलटून पडत असेल तर ती रात्री झोपताना घ्या, रात्रीचं कॅल्शियम सकाळच्या नाश्त्यावर आणि लाल गोळी दुपारी चारच्या सुमाराला हलवा.

बाळंतपण झालं की डोस पहिल्यासारखा ५० करायचा आणि सहा आठवड्यांनी टीएसएच. अंगावर पाजताना गोळी सुरक्षित आहे. बाळाच्या टाचेतून ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच तपासून घ्यायला विसरू नका. पहिल्या दिवशी तो सगळ्याच बाळांत उसळलेला असतो, म्हणून थोडं थांबायचं. जन्मजात थायरॉइड नसलेलं बाळ पहिले काही आठवडे अगदी निरोगी दिसतं. पंधरा दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर त्याची बुद्धी वाचते. आईला थायरॉइड असो वा नसो, ही तपासणी प्रत्येक बाळाची व्हावी, असं आमचं कळकळीचं सांगणं आहे.

प्रश्न : टीएसएच २.३ आहे, तरी वजन वर्षात ६ किलो वाढलं. डोस वाढवून घेऊ का?
— शाहूपुरी

उत्तर : नको. थायरॉइड कमी असताना वाढणारं वजन साधारण २ ते ५ किलो, आणि त्यातही बरंचसं अंगात साठलेलं मीठ-पाणी. २.३ वर ग्रंथीचा दोष नाही. वजनासाठी जादा गोळी घेतली तर चरबीआधी स्नायू आणि हाडं झिजतात आणि हृदय धडधडायला लागतं. वाढीचं कारण आहार, झोप, पीसीओडी किंवा दुसऱ्या औषधांत शोधा.

प्रश्न : नवरात्रात नऊ दिवस उपास असतो, सैंधव मीठ खाते. गोळी घ्यावी का? आणि कोबी-फ्लॉवर खरंच बंद करायचे?
— मंगळवार पेठ

उत्तर : गोळी रोजच्यासारखी पाण्याबरोबर घ्या. पाणीही वर्ज्य असेल तर रात्री झोपताना घ्या. नऊ दिवसांच्या सैंधवानं काही बिघडत नाही, कारण ग्रंथीत दोन-तीन महिने पुरेल इतका साठा असतो. वर्षभर घरात सैंधव किंवा गुलाबी मीठच वापरणं मात्र चूक आहे, त्यात पुरेसं आयोडीन नसतं. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गर्भवतीला २५०. भारतानं गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू केला, तो आयोडीनयुक्त मिठाच्याच जोरावर. मिठाचा डबा घट्ट झाकणाचा आणि चुलीपासून लांब ठेवा. उलट समुद्रशैवालाच्या गोळ्या घेऊन आयोडीनचा भडिमारही करू नका, त्यानंही ग्रंथी बिघडते.

कोबी, फ्लॉवर, मुळा शिजवून खुशाल खा. सोयाबीनचं पीठ कणकेत घालत असाल तर एकदम बंद-चालू करू नका. रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि गोळीपासून चार तास लांब.

प्रश्न : आमच्याकडे २०१९ आणि २०२१ च्या पुरात घर सोडावं लागलं. औषधं राहिली. अशा वेळी काय?
— शिरोळ तालुका

उत्तर : जूनमध्येच एक महिन्याची बाटली जादा घेऊन ठेवा, तिची शेवटची तारीख बघा, आणि घट्ट बंद प्लॅस्टिकच्या डबीत शेवटच्या रिपोर्टच्या आणि चिठ्ठीच्या झेरॉक्ससह कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. बाटलीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ती टाकून द्या, वाळवून वापरू नका.

लेव्होथायरॉक्सिन दोन-चार दिवस चुकलं तर घाबरू नका, रक्तात साठा असतो. हृदयविकार नसलेल्या तरुण माणसानं एका दिवसाची चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडून घेतली तरी चालते. वयस्कर आणि हृदयविकार असलेल्यांनी भरपाई न करता नेहमीची एकच पुढे चालू ठेवावी. लहान बाळाची आणि गर्भवतीची गोळी मात्र एक दिवसही राहू देऊ नये. छावणीत पोचल्या पोचल्या आरोग्य पथकाला औषधाचं नाव आणि डोस सांगा. कार्बिमॅझोल आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांचा असा साठा शरीरात राहत नाही, म्हणून त्या पिशवीत सर्वांत आधी टाका.